तिकीट कोणाच्या नावावर?



सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो गावी दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पकडण्यासाठी पोलिसांची नाकाबंदी चालू होती. त्यांच्या डोळ्यांदेखत एका गाडीने नियम मोडून यू-टर्न घेतला. पोलिसांनी तिला थांबवले, खिडकीपाशी जाऊन पाहिले, तर आत चालकच नाही! गाडी वेमो कंपनीची, आपली आपण चालणारी. तिकीट द्यायचे तर चालकाचे नाव हवे, लायसन्स हवे. यंत्रासाठी त्या पुस्तकात रकानाच नव्हता. शेवटी पोलिसांनी कंपनीला चूक कळवली आणि गाडी सोडून दिली.

बातमी वाचून पुष्कळांना हसू आले. पण चालक नसेल तर जबाबदार कोण, हा त्यामागचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

गंमत अशी की, हीच गाडी चुकीच्या जागी उभी राहिली तर तिला तिकीट मिळते, कारण पार्किंगचे तिकीट गाडीच्या मालकाकडे जाते. २०२४ साली सॅन फ्रान्सिस्कोत वेमोच्या गाड्यांना अशी ५८९ तिकिटे मिळाली. म्हणजे उभी असली तर दोषी आणि धावत असली तर निर्दोष! कायदे लिहिले गेले तेव्हा गाडी चालवणारा माणूसच असणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते, त्याचा हा परिणाम.

काही ठिकाणी यावर विचार झाला आहे. टेक्सास राज्याने २०१७ सालीच ठरवले की, वाहतुकीच्या नियमांपुरता स्वयंचलित यंत्रणेचा मालक हाच चालक समजावा. ब्रिटनच्या २०२४ च्या कायद्यानुसार, मान्यताप्राप्त गाडी स्वतः चालत असताना तिच्या चालवण्याचा दोष आत बसलेल्या माणसावर येत नाही. त्यासाठी मान्यता घेतलेल्या कंपनीने उत्तर द्यायचे. मुलांना सीटबेल्ट लावणे मात्र त्या माणसाचेच काम! कॅलिफोर्नियानेही २०२४ मध्ये कायदा केला. त्यात १ जुलै २०२६ ही तारीख ठरवून पोलिसांना थेट गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या नावे नोटीस देण्याची सोय केली. ही नोटीस कंपनीने राज्याच्या मोटार वाहन खात्याला कळवायची. पण नोटिशीमागे किती दंड, हे त्या कायद्यात लिहिलेले नाही.

आमच्यासारख्या सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्यांना यात एक मोठी उणीव दिसते. माणसाची चूक ही त्या माणसाची, त्या दिवसाची असते. कोणी घाईत होता, कोणाला झोप आली होती. त्यावरून गावातल्या सगळ्या चालकांना दोष देता येत नाही. सॉफ्टवेअरचे तसे नाही. एकच प्रोग्रॅम शेकडो गाड्यांत असतो. तिथे आपली जुनी म्हण तंतोतंत लागू पडते: शितावरून भाताची परीक्षा. एक गाडी जिथे चुकली, तिथे तशाच प्रसंगी दुसरीही चुकणार.

टेक्सासमधील ऑस्टिन शहरात हेच दिसले. मुलांना चढवण्या-उतरवण्यासाठी स्कूलबस थांबली, लाल दिवे लागले, की बाकीच्या गाड्यांनी थांबायचे, हे तुम्हा मुलांनाही ठाऊक आहे. २०२५ च्या शालेय वर्षात वेमोच्या गाड्या थांबलेल्या स्कूलबसना ओलांडून गेल्याचे १९ प्रकार नोव्हेंबरपर्यंत शाळांनी मोजले. सॉफ्टवेअर एकदा सुधारल्यावरही असे प्रकार घडले. अखेर डिसेंबरमध्ये कंपनीने रिकॉल जाहीर केला. सुदैवाने या प्रकारांत कोणा मुलाला इजा झाली नाही. पण प्रत्येक वेळी फक्त दंड भरून काय साधले असते? मोठ्या कंपनीला तो चहापाण्याचा खर्च!

म्हणून आमचे मत असे. तिकीट कंपनीच्याच नावावर फाडावे. प्रत्येक तिकिटाची जाहीर नोंद व्हावी. आणि चूक कशी झाली व केव्हा दुरुस्त होणार, हे ठरावीक मुदतीत लेखी द्यावे लागावे. कॅलिफोर्नियात एखाद्या चालकाचे बारा महिन्यांत चार पॉइंट झाले की त्याचे लायसन्स धोक्यात येते. मग कंपनीच्या परवान्याला तसा हिशेब का नसावा? परवाना थांबवण्याचा अधिकार राज्याकडे आहेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका गंभीर अपघातानंतर क्रूझ कंपनीवर तो वापरलाही गेला. पण मोठ्या अपघाताची वाट का पाहायची?

कोणी म्हणेल, एवढी सक्ती केली तर नवे तंत्रज्ञान पुढेच येणार नाही. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. अमेरिकेत २०२३ साली रस्ते अपघातांत ४० हजारांहून अधिक माणसे दगावली, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या गाड्या माणसेच चालवत होती. यंत्र न पिता, न पेंगता गाडी चालवते. ते यावे, असेच आम्हालाही वाटते. पण चुकीचा हिशेब ठेवल्याने तंत्रज्ञान बुडत नाही. उलट विमाने सुरक्षित झाली ती प्रत्येक अपघाताची कसून चौकशी झाल्यामुळेच.

पालकांसाठी एक सूचना. घरच्या गाडीत 'सेल्फ ड्रायव्हिंग' नावाची सोय असली, तरी सध्या अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा बहुतेक सर्व सोयींत लक्ष आपणच ठेवायचे असते. नियम मोडला तर तिकीट आपल्याच नावावर येणार. तिथे यंत्राकडे बोट दाखवून सुटका नाही!

आणि मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण दोन-चार वर्षांत लायसन्सच्या परीक्षेला बसतील, आणि काही जण पुढे असे प्रोग्रॅमही लिहितील. तेव्हा पुढच्या वर्गासाठी विषय घ्या: 'गाडी चुकली तर शिक्षा कोणाला?' मराठीत दहा वाक्ये लिहून आणा. आमचे मत पटले नसेल तर तेही बेलाशक लिहा, फक्त कारण द्यायला विसरू नका.