आजीची सुट्टी कोण मंजूर करणार?

मूल आजी-आजोबांकडे ठेवून नवरा-बायकोने दोन दिवस महाबळेश्वरला जावे, यात गैर काहीच नाही. "लेकराला टाकून फिरायला गेली" हा टोमणा आईलाच बसतो, बापाला कोणी विचारतही नाही. हा दुटप्पीपणा मोडायलाच हवा.

पण तो मोडताना भार कोणाच्या अंगावर पडतो? 'आजी-आजोबा सांभाळतात' म्हणजे बहुधा आजीच सांभाळते. भरवणे, शी-शू, रात्रीचे जागरण तिचे. आजोबांकडे संध्याकाळची बागेतली फेरी. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे खर्च करत होत्या, पुरुष 97. या कामातून बाईला निवृत्ती नाही. तिचे गुडघे दुखतात का, हे कोण विचारतो? 'तिला नातवाची हौस आहे' म्हटले की विषय संपला!

2017 च्या दुरुस्तीने 50 वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. त्याहून लहान दुकाना-कारखान्यांतल्या बायांचे काय? त्यांच्या घरी रोजचे पाळणाघर आजीच, आणि सुट्टीतलेही तीच.

मैत्रिणींनो, फिरायला जरूर जा. पण आधी आजीला विचारा, आणि तिच्या नकारालाही मान द्या. आजोबांना कामाला लावा. पुढची सुट्टी तिची. तेव्हा मूल बापाने सांभाळावे. आणि वस्तीवस्तीत सरकारी पाळणाघराची मागणी आपण मिळून रेटूया. माया फुकट असते, श्रम नव्हे!