'पुट' म्हणजे ठेवणे, मग 'पुट अप विथ' म्हणजे काय?

गेल्या सेमिस्टरला आमच्या होस्टेलवर कोलंबियाची एक मुलगी राहायला होती. मेकॅनिकलला, एक्स्चेंजवर एका सेमिस्टरपुरती आलेली. गाव बोगोटा, भाषा स्पॅनिश. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे रेक्टर मॅडमनी पहिल्याच दिवशी मला सांगून टाकलं, "हिच्या इंग्लिशकडे तू जरा बघ." मला काय, आनंदच झाला. फुकटचा भाव खायला मिळत असेल तर कोणाला नको असतो?

त्याच रात्री झोपायच्या वेळी ती म्हणाली, "प्लीज एक्स्टिंग्विश द लाइट." अख्खा कॉरिडॉर खूश! "किती क्यूट बोलते ना!" दुसऱ्या दिवशी मेसमध्ये सगळ्या जणी तेच वाक्य म्हणत होत्या, पण प्रेमाने.

आता दुसरी गोष्ट. माझी रूम पार्टनर उदगीरकडची, दहावीपर्यंत मराठी मीडियम. फर्स्ट इयरला आल्या आल्या ती एकदा "क्लोज द लाइट" म्हणाली होती. तेव्हा याच कॉरिडॉरमध्ये तिचं नाव 'क्लोज द लाइट' पडलं. आज आम्ही थर्ड इयरला आहोत आणि काही जणी तिला अजून त्याच नावाने हाक मारतात.

चूक दोघींची एकच, बरं का. स्पॅनिशमध्ये दिवा, आग, टीव्ही, सगळ्याला 'आपागार' हे एकच क्रियापद चालतं. तिने डोक्यात त्याला जुळणारा भारदस्त इंग्रजी शब्द शोधला. माझ्या पार्टनरने 'लाइट बंद कर' मधला 'बंद' उचलला. इंग्रजीला हवं होतं 'टर्न ऑफ' किंवा 'पुट आउट', म्हणजे 'वळव' किंवा 'ठेव' आणि वर एक चिमुकला शब्द. हे दोघींनाही सुचलं नाही, आणि सुचावं तरी कसं? पण एक क्यूट ठरली आणि एक गावठी. हे मला तेव्हा खटकलं नाही, हेही कबूल करते.

तर मी शिकवायला बसले. तिच्या वहीत तिने क्रियापदांची यादी केली होती. 'गिव्ह अप' समोर 'रेंदीर्से', 'फाइंड आउट' समोर 'आवेरिग्वार', 'लुक फॉर' समोर 'बुस्कार'. इंग्रजीत दोन-दोन शब्द, तिच्याकडे एकेक. शेवटच्या ओळीत होतं 'पुट अप विथ'. मी ऐटीत सांगितलं, "टॉलरेट." ती म्हणाली, "तोलेरार! हे तर आमचंच आहे. मग तुम्ही सरळ टॉलरेट का म्हणत नाही?"

मला उत्तर येईना. बारा वर्षं इंग्लिश मीडियममध्ये काढली, शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड भरला, आणि 'पुट', 'अप', 'विथ' या तिघांना एकत्र आणून 'सहन करणे' कसं होतं हे मला सांगता येईना. 'पिक इट अप' बरोबर आणि 'पिक अप इट' चूक, हे माझ्या कानाला कळतं. पण 'लुक आफ्टर हिम' मधला 'हिम' मध्ये का घुसत नाही, असं तिने विचारलं तेव्हा मी "तसंच असतं" असं म्हणून वेळ मारून नेली. जे आपसूक येतं ते शिकवता येत नाही, हे त्या दिवशी कळलं.

मग लाज वाटून लायब्ररीत बसले. थोडं वाचल्यावर गंमत लक्षात आली. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे बराच काळ तिथल्या दरबाराची भाषा फ्रेंच राहिली. पुस्तकं, धर्म, विद्या यांची भाषा लॅटिन. घरात, शेतात, चुलीपाशी मात्र लोक आपली जुनी इंग्रजीच बोलत होते. त्यामुळे इंग्रजीत पुष्कळ गोष्टींना दोन शब्द झाले. एक लॅटिनच्या घराण्यातला, कडक इस्त्रीचा. दुसरा घरगुती. स्पॅनिश तर थेट लॅटिनची लेक. म्हणून 'टॉलरेट', 'पोस्टपोन', 'इन्व्हेस्टिगेट' हे शब्द आमच्या पाहुणीला आंदण मिळालेले. आमच्या सरांनी दिलेला रिसर्च पेपर ती आमच्याआधी वाचून संपवायची. पण लॅबमध्ये कोणी "हुक इट अप, फिगर आउट व्हॉट्स राँग" म्हणालं की तिचा चेहरा पडायचा. जगात साधारण उलटं असतं ना, सोपं आधी येतं आणि अवघड नंतर? तिच्यासाठी इंग्रजीतलं अवघड तेच सोपं होतं.

आपल्याकडेही हे दोन मजले आहेत. 'स्थगित करणे' आणि 'पुढे ढकलणे'. 'प्रतीक्षा करणे' आणि 'वाट पाहणे'. 'सहन करणे' आणि 'खपवून घेणे'. उद्या एखादा परदेशी माणूस मेसमध्ये आला आणि म्हणाला, "मी भाजीची प्रतीक्षा करत आहे," तर आपण त्याला अडाणी म्हणू का? उलट कौतुक करू. मराठी मीडियमच्या मुलीचं इंग्रजी नेमकं असंच असतं. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, पण ते आहे पुस्तकातलं. घरगुती इंग्रजी ऐकायला मिळणार कुठे? एसटी स्टँडवर?

आता हे जरा नीट बघा. 'ती धावत खोलीबाहेर पडली.' यातलं मुख्य क्रियापद आहे 'पडली', म्हणजे बाहेर जाणं. धावणं हे कसं गेली ते सांगतं. स्पॅनिशमध्ये 'सालिओ कोर्रिएंदो', शब्दशः 'बाहेर पडली धावत'. अगदी आपल्यासारखं. इंग्रजीत मात्र 'शी रॅन आउट'. तिथे धावणं हेच मुख्य क्रियापद, आणि बाहेर जाण्याचं सगळं ओझं एवढ्याशा 'आउट'वर. लिओनार्ड टाल्मी नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ च्या एका लेखात भाषाभाषांमधला हा फरक मांडला आहे. चढणे, उतरणे, शिरणे, निघणे अशी दिशा पोटात घेतलेली क्रियापदं आपल्याकडे भरपूर आहेत. स्पॅनिशकडेही 'सुबीर', 'बाखार', 'एंत्रार', 'सालीर' आहेत. म्हणजे हा 'आउट', 'अप', 'ऑफ'चा कारभार बोगोट्यालाही परका आणि उदगीरलाही परका.

साखरेचं उदाहरण तर मला फारच आवडलं. साखर संपली की इंग्रज म्हणतो 'वी रॅन आउट ऑफ शुगर'. म्हणजे पळतो कोण? माणसं! मराठीत साखर संपते, स्पॅनिशमध्येही साखरच संपते, माणसं जागच्या जागी राहतात. (त्यांचा साखरेचा शब्द 'आसूकार', आणि तोही आपल्याच 'शर्करे'चा पणतू, फारसी-अरबी वाटेने गेलेला. हे सांगितल्यावर ती त्या दिवशी चहात तीन चमचे साखर घालून प्यायली.)

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग समर इंटर्नशिपसाठी एक कंपनी आली. माझ्या पार्टनरचा सीजीपीए माझ्यापेक्षा जास्त, प्रोजेक्ट तिने एकटीने उभा केलेला, सोल्डरिंगपासून कोडिंगपर्यंत. पॅनेलमधले एक सर म्हणाले, "वॉक अस थ्रू युअर प्रोजेक्ट." ती लगेच खुर्चीवरून उठली. म्हणाली, "येस सर, लॅब इज ऑन थर्ड फ्लोअर, प्लीज कम." पॅनेलवरच्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एक जण हसला. पुढची दहा मिनिटं तिला जे येत होतं तेही तिने सांगितलं नाही. संध्याकाळी लिस्ट लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. माझं होतं.

रूमवर आल्यावर तिने मला सगळं सांगितलं, आणि मी हसले. मुद्दाम नाही हो, पण हसले. ती काही बोलली नाही. तोंडावर पांघरूण घेऊन झोपली. मला विचाराल तर त्या खोलीत तिचंच वाक्य जास्त चोख होतं. 'वॉक' म्हणजे चालणे, 'थ्रू' म्हणजे मधून. प्रोजेक्टमधून चालवत न्या असं म्हटल्यावर शहाणा माणूस लॅबकडेच निघेल.

दोन दिवसांनी कोलंबियाची पाहुणी नेहमीसारखी वही घेऊन आली. 'ईट अप' आणि 'ईट' यात फरक काय, असं तिने विचारलं. मी पुन्हा अडखळले. कॉटवरून पार्टनर म्हणाली, "अगं, हे तर आपलं 'टाक' आहे की! खा आणि खाऊन टाक." आणि तिने सुरुवात केली. 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन टाक. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवून टाक. यातला 'अप' म्हणजे वर नाही, यातला 'अप' म्हणजे पुरतं, शेवटपर्यंत. जसं 'टाक'मध्ये कोणी काही फेकत नाही तसं. मग तिने आपल्या मराठीचा खेळ मांडला. बोलून टाकलं, बोलून दाखवलं, बोलून घेतलं, बोलून बसले. शेवटच्यात कोणी खुर्चीवर बसत नाही, फक्त नंतर पस्तावतं. पाहुणी हसून लोळायची बाकी राहिली. जाईपर्यंत तिचं आवडतं मराठी वाक्य होतं, 'मी पैसे देऊन बसले.' रिक्षातून उतरल्यावर दर वेळी!

मी दोघींच्या मधे बसून ऐकत होते. 'खपवून घेणे' यात आपण काय 'घेतो', हे मला कोणी शाळेत विचारलंच नव्हतं. ते ज्या दिवशी कळलं त्या दिवशी 'पुट अप विथ' मलाही पहिल्यांदा कळलं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे. गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे पाचशे फ्रेजल व्हर्ब्जचं जे पुस्तक मिळतं, ए पासून झेड पर्यंत, ते पाठ करणं बंद करा. 'ब्रेक डाउन, ब्रेक इन, ब्रेक आउट, ब्रेक अप' ओळीने घोकलं की चारही एकमेकांत मिसळतात आणि इंटरव्ह्यूत नेमकं चुकीचं बाहेर येतं. त्यापेक्षा शेपटीकडून धरा. एक आठवडा फक्त 'ऑफ', एक आठवडा फक्त 'आउट'. 'ऑफ'मध्ये बऱ्याचदा काहीतरी सुटतं, तुटतं, थांबतं: कट ऑफ, टेक ऑफ, कॉल ऑफ. सगळीकडे हे चालणार नाही, अपवाद ढिगाने आहेत, पण डोक्याला धरायला काहीतरी मिळतं. आणि प्रत्येकाला मराठीतला घरगुती जोडीदार शोधा, इस्त्रीचा नको. 'कॉल ऑफ'ला 'रद्द करणे' ठीक आहे, पण 'लुक इनटू'ला 'अन्वेषण करणे' लिहाल तर ते वहीतच राहील. 'लक्ष घालणे' लिहा.

प्लेसमेंटच्या सरांनाही एक विनंती. सॉफ्ट स्किल्सच्या तासाला टाय कसा बांधायचा हे आम्ही दोनदा शिकलो. इंटरव्ह्यूत हमखास येणारी वाक्यं, 'वॉक अस थ्रू', 'पिक अप फ्रॉम देअर', 'रूल आउट', ही एकदा तरी कोणी सांगावी. मुलांना प्रोजेक्ट येतो, सर. प्रश्न कळत नाही.

राहता राहिलो आपण, कॉन्व्हेंटवाल्या. आपल्याला जे आलं ते आपल्या हुशारीने नाही, फी भरून आणि सतत कानावर पडून आलं. बोगोट्याच्या चुकीला 'सो क्यूट' आणि उदगीरच्या चुकीला टोपणनाव, हा हिशोब मला आता पटत नाही. निदान आमच्या कॉरिडॉरमध्ये तरी ते जुनं नाव मी कोणाला घेऊ देत नाही. दोघी-तिघींशी यावरून वाजलंसुद्धा.

सध्या दर गुरुवारी जेवणानंतर मेसच्या कोपऱ्यातल्या टेबलावर आम्ही सात-आठ जणी बसतो. शिकवते माझी पार्टनर. मी उच्चार सांगते आणि चहा आणते. या आठवड्याला 'आउट' आहे. यायचं असेल त्यांनी या, फक्त ते झेरॉक्सचं पुस्तक रूमवर ठेवून या.