आधी पाणी सोडा

नदीपात्रात पोकलेन उतरला की आपल्याकडे पुनरुज्जीवन सुरू झालं असं मानतात. गाळ निघतो, पात्र रुंद होतं, काठावर फलक लागतो. वरच्या धरणातून उन्हाळ्यात नदीसाठी किती पाणी सुटणार, हे कुणी विचारत नाही. म्हणून कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन नदीची हकिकत सांगतो.

1942 मध्ये फ्रेस्नो शहराच्या वरच्या अंगाला फ्रायंट धरण उभं राहिलं. दोन कालव्यांनी जवळजवळ सगळा प्रवाह संत्री, द्राक्षं, बदामांच्या बागांकडे वळवला. खाली सुमारे 100 किलोमीटर पात्र कोरडं पडलं. समुद्रातून अंडी घालायला वर येणारे वासंतिक चिनूक सॅमन मासे 1950 च्या सुमारास या नदीतून संपले.

यात बागायतदारांचा दोष नाही, पाणी त्यांना सरकारनेच दिलं होतं. पण राज्याच्या कायद्यात एक कलम होतं: धरणाखालचे मासे धड राहतील एवढं पाणी धरणमालकाने सोडलंच पाहिजे. पर्यावरण संघटना आणि मच्छीमार 1988 मध्ये कोर्टात गेले. 2004 मध्ये न्यायाधीश लॉरेन्स कार्लटन यांनी या कलमाच्या आधारे त्यांच्या बाजूने कौल दिला, 2006 मध्ये शेतकऱ्यांसह सगळ्यांची तडजोड झाली आणि 2009 पासून पाणी सुटू लागलं. अठरा वर्षांची भांडणं मिटली, पण नदी लगेच परतली नाही. पाझरामुळे काठच्या शेतांतली भूजलपातळी वर येऊन पिकांच्या मुळांना धोका होऊ लागला, म्हणून विसर्ग आवरावा लागला. दुसरीकडे विहिरींच्या बेसुमार उपशाने जमीन खचली आणि त्या दोन कालव्यांपैकी फ्रायंट-कर्न कालव्याची वहनक्षमता काही भागात निम्म्याहून कमी झाली. पाझर आणि भूजलाचा उपसा न आवरता नदी सुधारू पाहिली, तर असं दोन्हीकडून नुकसान होतं. तरीही 2019 मध्ये, साठाहून अधिक वर्षांनी, वासंतिक सॅमन समुद्रातून या नदीत परतले. वाटेतले बंधारे ओलांडायला त्यांना अजून ट्रकमधून न्यावं लागतं.

आपल्याकडेही असा कायदेशीर आधार आहे. उन्हाळ्यातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान 15 ते 20 टक्के पाणी नदीत राखा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्येच राज्यांना सांगितलं. 15 ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून कालवा सल्लागार समिती रब्बी-उन्हाळी आवर्तनं ठरवते. पिण्याच्या पाण्याखालोखाल नदीचं आवर्तन त्याच बैठकीत, तारखा आणि दशलक्ष घनमीटरमधल्या आकड्यासह इतिवृत्तात नोंदवलं गेलं पाहिजे. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी आणि खालच्या गावांनी ही मागणी एकत्र करावी, कारण कपात कुणाच्या पाळीत किती, हे त्यांनाच समोरासमोर बसून ठरवावं लागणार आहे.