कुंडी हलवा, पण ओवा राहू द्या!

गेल्या पावसाळ्यात आमच्या ब्लॉकच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. ‘गॅलरीतील, कठड्यावरील व खिडकीतील सर्व कुंड्या शनिवारपर्यंत हलवाव्यात, अन्यथा जप्त करण्यात येतील.’ खाली सही, शिक्का. ज्या बोर्डावर गीझर कधी दुरुस्त होणार याची नोटीस तीन वर्षांत लागली नाही, तिथे कुंड्यांची नोटीस एका रात्रीत लागली! पोरांनी दोन दिवस कॉमेंट्री केली, मग युनिट टेस्ट आली आणि सगळे विसरले. मी विसरलो नाही. कारण ही नोटीस ज्यांच्यामुळे लागली त्यांतला एक मी आहे. हे आधीच कबूल केलेलं बरं, नाहीतर पहिल्या पॅराग्राफनंतर खालच्या मजल्यावरून कुणीतरी वर येईल.

झालं असं. तिसऱ्या मजल्यावर आमच्या रूमबाहेर कठड्याला तारेने बांधलेला एक डबा होता. मेसमधला तेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा कापून केलेला. त्यात पानओवा. घरी आपण ‘ओव्याचं झाड’ म्हणतो तो. जाड, लुसलुशीत, कातरलेल्या कडांची पानं, अंगावर बारीक लव, आणि हात लागला की भज्यांच्या कढईची आठवण करून देणारा वास. वेल नव्हे हा, पण याची खोडं सरळ उभी राहायचं नाव घेत नाहीत. थोडी वाढली की आडवी होतात, डब्याच्या काठावरून खाली लोंबतात. आमच्या ओव्याची एक फांदी तर चांगली दोन फूट खाली लोंबत होती. पीएलच्या दिवसांत मी अर्धवट झोपेत त्याला मगभर पाणी घातलं. ते सगळं पाणी मातीसकट खाली गेलं आणि दुसऱ्या मजल्यावर व्हायवासाठी वाळत घातलेल्या एका पांढऱ्या शर्टावर पडलं. शर्टाचा मालक सिव्हिलचा. पुढचा संवाद छापण्यासारखा नाही.

त्याची तक्रार गेली, त्यात डासांचा विषय निघाला, आणि नोटीस लागली.

आता माझं म्हणणं. नोटिशीत जे तीन आक्षेप आहेत (म्हणजे लिहिलेले नाहीत, पण रेक्टर सरांनी बोलावून सांगितले), त्यांतला एक शंभर टक्के खरा आहे, एक अर्धा खरा आहे आणि एक अजिबात पटत नाही.

खरा आक्षेप कुंडी पडण्याचा. आपण इंजिनिअरिंगची मुलं, तर हिशोबच करू. आठ इंची कुंडीत साधारण चार लिटर माती मावते. पाणी घातल्यावर कुंडीसकट सहा किलो धरा. तिसऱ्या मजल्याचा कठडा जमिनीपासून नऊ मीटर. हवेचा रोध सोडून द्या (अप्लाइडच्या पेपरात आपण नेहमीच सोडतो), तर खाली पोचताना वेग निघतो सेकंदाला तेरा मीटरच्या वर, म्हणजे ताशी सुमारे ४८ किलोमीटर. खाली सायकल स्टँड आहे. हे गणित केल्यावर मी स्वतः माझा डबा कठड्यावरून काढला, नोटिशीची वाट न बघता. कठड्यावर किंवा कठड्याच्या बाहेर एकही कुंडी नको, यावर माझं रेक्टर सरांशी पूर्ण एकमत आहे. आणि ज्यांना तारेवर फार विश्वास आहे त्यांनी एका पावसाळ्यानंतर ती तार काढून वाकवून बघावी.

अर्धा खरा आक्षेप डासांचा. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्याकडच्या उष्णतेत आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पण तो ओल्या मातीत वाढत नाही. त्याला लागतं उघडं पाणी. म्हणजे गुन्हेगार कुंडी नव्हे, कुंडीखालची बशी! ती बशी काढून टाकली की कुंडीवरचा खटला संपतो. बशी हवीच असेल तर आठवड्यातून एकदा ओतून, घासून कोरडी करावी. नुसती ओतून भागत नाही, कारण अंडी काठाला चिकटून कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. आता मला सांगा, आपल्या ब्लॉकच्या गच्चीवर मोडक्या खुर्च्या, फुटकी सिंकं आणि एक जुना कमोड पडलाय त्यात पावसाळाभर काय साठतं? कूलरच्या टाक्या उन्हाळा संपल्यावर किती जण रिकाम्या करतात? त्यांच्यावर नोटीस नाही. आणखी एक गोष्ट सांगू की नको असा विचार करत होतो, पण सांगतोच. ज्या ऑफिसात मला समज मिळाली, तिथल्या खिडकीत एक सुंदर मनीप्लांट आहे. बाटलीत. पाण्यात.

न पटणारा आक्षेप असा, की ‘हॉस्टेल हे अभ्यासासाठी आहे, बागकामासाठी नाही.’ हे वाक्य ऐकून मी गप्प बसलो, कारण माझ्या दोन केटी होत्या. पण बसल्या बसल्या मला माझा सेकंड इयरचा रूममेट आठवला. हा ओवा मुळात त्याचा. दिवाळीच्या सुट्टीतून येताना त्याने घरून चार फांद्या ओल्या पेपरात गुंडाळून एसटीने आणल्या होत्या. आम्ही हसलो होतो. लोक चिवडा आणतात, हा झाड घेऊन आला! त्याचं सेकंड इयर वाईट गेलं. एम-थ्री राहिला, मग आणखी दोन राहिले. तो लेक्चरला जायचा बंद झाला, मेसला जायचा बंद झाला. दिवसभर पांघरूण घेऊन पडून असायचा. आम्ही सबमिशनच्या धावपळीत, ‘चल रे जेवायला’ एवढं म्हणून निघून जायचो. त्या दिवसांत तो एकाच कामासाठी न सांगता उठायचा. सकाळी गॅलरीत येऊन डब्यातल्या मातीत बोट घालून बघायचा आणि लागलं तरच पाणी घालायचा. त्याचं वायडी झालं. जाताना गादी विकली, ड्राफ्टर ज्युनिअरला दिला आणि ओव्याच्या चार फांद्या तोडून पुन्हा ओल्या पेपरात गुंडाळल्या. डबा मला देऊन म्हणाला, “पाणी कमी घाल. तू जास्त घालणार, मला माहितेय.”

झाडाने त्याचं वर्ष वाचलं असं मी म्हणत नाही, वाचलं नाहीच. पण बागकाम अभ्यासाच्या आड आलं असंही कुणी म्हणू नये.

आणि तो बरोबर होता. मी पाणी जास्तच घालत होतो. पानओवा मारायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे त्याच्यावर प्रेम करणं. याच्या जाड पानांत आणि खोडात पाणी साठलेलं असतं. माती दोन बोटं खोलपर्यंत कोरडी झाल्याशिवाय याला काही नको. पावसाळ्यात गॅलरीत वाऱ्याने पाऊस आत येतो तेव्हा आठ-आठ दिवस हात लावू नये. जास्त पाण्याने खोड बुडाशी काळं, मऊ पडतं आणि एका दिवशी सगळी फांदी हातात येते. तसं झालं तर रडत बसू नका. काळ्या भागाच्या वर, निरोगी जागी कापा, खालची पानं काढा, कापलेलं टोक तीन-चार तास सावलीत सुकू द्या आणि नव्या मातीत खोचा. पेराजवळून मुळं फुटतात. बोटभर लांबीची फांदी पुरते, दोन आठवड्यांत ती धरते. पहिल्या वर्षी मी याच पद्धतीने एकच झाड तीनदा वाचवलं.

माती हा दुसरा घोळ. आपल्या कॅम्पसवरची काळी माती नुसती भरू नका. ती पाणी धरून बसते आणि सुकली की दगड होते. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एवढं पुष्कळ झालं. वाळू सिव्हिलच्या लॅबमागे पडलेली असते, मात्र विचारून घ्या. (मी विचारलं नव्हतं. शर्टप्रकरणात तोही मुद्दा निघाला.) डब्याला खाली पेन्सिल जाईल एवढी पाच-सहा भोकं हवीतच.

उजेडाचं म्हणाल तर पूर्वेकडच्या रूमवाल्यांची चंगळ आहे, सकाळचं ऊन याला मानवतं. पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मेच्या दुपारी पानं पिवळट आणि बारीक होतात, तिथे कुंडी भिंतीकडे सरकवा. उत्तरेकडच्या रूममध्ये उलटंच, झाड उजेडाच्या शोधात लांबुळकं होतं, दोन पानांमधलं अंतर वाढतं आणि वासही कमी येतो. दाट, भरगच्च, चहूबाजूंनी लोंबणारं झाड हवं असेल तर शेंडे खुडत राहा. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. त्याला खुडला की खालून दोन फांद्या येतात. (सीनिअर पास आऊट झाले की ज्युनिअर बोलायला लागतात, तसंच!) आणि खुडलेले शेंडे फेकायचे नाहीत. बेसनात बुडवून मेसच्या मावशींना कढई मोकळी असताना विचारायचं. आमच्या मावशी नाही म्हणत नाहीत, मात्र पहिला घाणा त्यांचा.

नावाबद्दल एक गैरसमज दूर करतो. ओवा म्हणून आपण जे दाणे खातो ते या झाडाचे नव्हेत. ते झाड वेगळं, कोथिंबीर-बडीशेपेच्या कुळातलं. पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. वास सारखा येतो कारण रसायनं भावंडं आहेत. ओव्याच्या दाण्यात मुख्यतः थायमॉल, तर पानओव्यात बहुधा कार्व्हाक्रॉल जास्त. दोघांचं रेणुसूत्र एकच, फक्त रेणूतल्या एका गटाची जागा वेगळी. केमिकलवाल्यांनी आयसोमेरिझमच्या व्हायवाला हे उदाहरण द्यावं. शास्त्रीय नाव सध्या कोलियस अँबॉइनिकस. पोर्तुगीज पाद्री लौरेरो याने हे नाव १७९० मध्येच दिलं होतं. पुढे याला प्लेक्ट्रँथस म्हणू लागले आणि २०१९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुन्हा कोलियसमध्ये आणून बसवलं. आमच्या विंगमध्ये केरळचा एक जण आहे, तो याला पनिकूर्का म्हणतो. हुबळीचा म्हणतो दोड्डपत्रे, आणि त्याच्या घरी ताकात वाटून तंबळी करतात. एका डब्यावरून तीन राज्यांच्या आयांची चौकशी झाली, हे काय कमी आहे?

झाडवाल्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ‘रूममध्ये झाड ठेवा, हवा शुद्ध होते’ असं सांगत फिरू नका. ते ज्या नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून सांगतात, तो बंद पेटीत झाला होता. आपल्या रूमची दारं-खिडक्या उघडी, वर पंखा गरगरतोय. २०१९ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा निघालं की इमारतीतल्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडं लागतील. दहा म्हटलं तरी कॉट बाहेर काढावी लागेल! तसंच ‘ओवा लावला की डास येत नाहीत’ हेही थापच. पान चुरडल्याशिवाय त्यातलं तेल फारसं बाहेर पडत नाही. कुंडीशेजारी बसून मला डास चावलेत. खोट्या फायद्यांवर परवानगी मागितली की एक दिवस कुणीतरी ते खोटं पाडतं आणि मग खरंही ऐकून घेत नाही.

म्हणून मागणी साधी ठेवतो. एका रूमला एक कुंडी. गॅलरीत जमिनीवर, भिंतीला लागून, किंवा खिडकीच्या गजाला आतल्या बाजूने. कठड्यावर नाही. बशी नाही. पाणी सकाळी आणि ग्लासाने, मगाने नाही. ज्या रूमची कुंडी खाली गळेल तिची जप्त करा, आम्ही ब्र काढणार नाही. सुट्टीचा प्रश्न राहतो. दिवाळीच्या वीस दिवसांत माझा ओवा पाण्याशिवाय टिकला, पानं पातळ होऊन लोंबली पण पाणी दिल्यावर चार दिवसांत उठला. मेमध्ये टिकणार नाही. यंदा सगळे डबे जिन्याखाली सावलीत एकत्र ठेवून वॉचमन काकांना विचारायचं ठरलंय. काका म्हणाले, “आठवड्यातून दोनदा घालीन, पण मला एक झाड द्या.”

त्यांचं झाड चहाच्या कागदी कपात लावलंय, मुळं धरलीत. अजून पाच कप खिडकीत आहेत. एक त्या सिव्हिलवाल्याने मागून घेतलाय, शर्टाचा डाग मात्र गेला नाही असं त्याचं म्हणणं आहे. उरलेले चार ज्यांना हवेत त्यांनी मेसच्या वेळेआधी तिसऱ्या मजल्यावर यावं. डबा आपापला आणावा, भोकं पाडून.