कार्ड खेळाचे, संगणक घराचा

घाटकोपरच्या आमच्या वस्तीत एक बांधव राहतात. कारखान्यात फिटर आहेत. मुलगा बारावी झालेला, धाकटी मुलगी दहावीत जाणारी. गेम खेळता येईल असा संगणक हवा म्हणून मुलाचा दोन वर्षे हट्ट चालला होता. शेवटी मे महिन्यात वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढले आणि आम्हाला म्हणाले, "तुम्ही शिकलेले, हिशोबातले. सोबत चला." आम्ही पडलो बी.कॉम. कारकून. बिल वाचता येते, एवढ्या भांडवलावर निघालो.

घाटकोपरहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड आणि पुढे पायी लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असले, तरी संगणकाचे सुटे भाग घेणारा माणूस जुन्याच नावाने विचारतो. दुकानात मुलीने आम्हाला हळूच विचारले, "काका, ह्याच्यावर क्लासचे व्हिडिओ नीट चालतील ना?" भाऊ हसला. "व्हिडिओ तर मोबाइलवरपण चालतात. कार्ड गेमसाठी असतं. गेमरला व्हिडिओचं काय करायचंय?" दुकानदाराने होकार भरला आणि आम्हीही मान डोलावली. आज कळते की दुकानात उभ्या असलेल्या पाच जणांत कामाचा प्रश्न एकट्या मुलीने विचारला होता.

मुलाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एका चित्रात २० लाखांहून अधिक ठिपके असतात. अशी चित्रे सेकंदाला ३० दाखवायची, तर दाबून लहान न केलेला व्हिडिओ सेकंदाला सुमारे १८६ एमबी जागा खाईल. म्हणून तो सांकेतिक पद्धतीने दाबून पाठवतात आणि आपला संगणक तो उलगडतो. या उलगडण्यासाठी ग्राफिक्स कार्डात एक वेगळा छोटा विभाग असतो. कचेरीतल्या लघुलिपिकासारखा तो समजावा. लघुलिपिक हुशार असला म्हणून हिशोब खात्याचे काम लवकर उरकत नाही. तसेच व्हिडिओचा विभाग कितीही चांगला असला, तरी गेम एका चित्रानेही जास्त वेगाने पळत नाही. तेव्हा केवळ खेळायचेच असेल, तर या गुणासाठी जादा पैसे मोजू नयेत.

पण लघुलिपिकच नसला, तर ते काम हेडक्लार्कच्या टेबलावर येते. संगणकात हा हेडक्लार्क म्हणजे प्रोसेसर. पूर्वी प्रोसेसर दुबळे होते, तेव्हा डीव्हीडी पाहण्यासाठी निराळे कार्ड बसवावे लागे. पुढे २००४ मध्ये एनव्हिडियाने 'प्युअरव्हिडिओ' आणि २००५ मध्ये एटीआयने 'अविव्हो' या नावाने हा गुण आपल्या ग्राफिक्स कार्डांत आणला आणि त्याची मोठी जाहिरात केली. नंतर तो इतका सरसकट झाला की कोणी विचारीनासे झाले.

तरी विचारावे, कारण सांकेतिक पद्धती बदलत राहतात. एच.२६४ ही पद्धत २००३ ची, एचईव्हीसी २०१३ ची आणि एव्ही१ २०१८ ची. यूट्यूब आता बरेच व्हिडिओ एव्ही१ पद्धतीने देते. जुन्या बाजारात खपणाऱ्या आरएक्स ५८० आणि जीटीएक्स १६५० या कार्डांना एव्ही१ उलगडता येत नाही. मग तो भार प्रोसेसरवर पडतो. नवा चार कोरचा प्रोसेसर तो निभावतो, जुना दोन कोरचा अडखळतो. नवे कार्ड म्हणजे सर्व काही आले, असेही नाही. २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला एव्ही१ उलगडता येत नाही. शिवाय व्हिडिओ दाबून लिहिण्याचा, म्हणजे खेळाचे चित्रीकरण करण्याचा विभागही त्यात नाही. जीटी १०३० मध्येही लिहिण्याचा विभाग नाही. आपला खेळ यूट्यूबवर टाकण्याचे स्वप्न पाहणाऱ्या मुलांनी हे आधी पाहावे. गेमरला उलगडण्यापेक्षा लिहिण्याचा विभागच अधिक उपयोगी पडतो.

आता आमची चूक सांगतो. बिलावर प्रोसेसरचे नाव होते 'कोर आय३-१२१००एफ'. त्या शेवटच्या 'एफ'कडे आम्ही लक्ष दिले नाही. दीड हजार वाचतात, एवढेच पाहिले. इंटेल २०१९ पासून हे अक्षर लावते. त्याचा अर्थ असा, की या प्रोसेसरात स्वतःचे ग्राफिक्स नाही. एफ नसलेल्या १२१०० मध्ये ते असते आणि एव्ही१ देखील उलगडते. कार्ड घेतले जुने, आरएक्स ५८०. इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डांवरचे 'खाणकाम' सप्टेंबर २०२२ मध्ये थांबले, तेव्हा रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली. आमचे त्यांपैकीच होते की नाही, कोण सांगणार? दुकानाची हमी एक महिन्याची होती.

जानेवारीत, मुलीची पूर्वपरीक्षा तोंडावर असताना, कार्ड बंद पडले. पडदा काळा. मदरबोर्डाला एचडीएमआयची जागा आहे, वायर लावली, पण चित्र येईना. प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्सच नाही, तर चित्र येणार कुठून? अठरा दिवस ती पोर वडिलांच्या मोबाइलवर, तेही ते पाळीवरून परतल्यावर, गणिताचे व्हिडिओ पाहत होती. एका शब्दाने ती आम्हाला बोलली नाही. ते जास्त लागले. शेवटी पदरचे पैसे घालून प्रोसेसर बदलला. कार्ड अजून घेतलेले नाही. मुलगा हलके गेम खेळतो, मुलगी शिकते आणि संगणक चालतो.

एका खोलीच्या घरात संगणक एकच असतो. तो दिवसा मुलीचा, रात्री मुलाचा, रविवारी आईच्या जुन्या चित्रपटांचा. गेमरला व्हिडिओचे काय, हा प्रश्न ज्याच्या खोलीत वेगळा टीव्ही आहे त्याला शोभतो. आपल्याकडे खरेदीआधी घरातल्या प्रत्येकाला विचारावे, तुला यावर काय करायचे आहे?

मग दुकानात चार गोष्टी विचाराव्यात. प्रोसेसरात स्वतःचे ग्राफिक्स आहे का? इंटेलला मागे एफ नसावा. एएमडीत रायझन ५६०० मध्ये ते नाही, ५६००जी मध्ये आहे, मात्र तेही एव्ही१ उलगडत नाही. कार्ड कोणत्या पद्धती उलगडते आणि कोणत्या लिहिते? कार्ड जुने असल्यास हमी किती? आणि पक्के बिल मिळेल का? पहिल्याचे उत्तर 'आहे' असे आले, तर खेळाचे कार्ड बिनधास्त खेळाच्याच हिशोबाने निवडावे. ते उद्या बंद पडले, तर खेळ थांबेल. मुलीचा अभ्यास थांबणार नाही.