वर्ष महिला शेतकऱ्याचं, सातबारा कोणाचा?

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केलं आहे. म्हणजे अमरावती-अकोल्यात बॅनर लागणार, शाल-श्रीफळ होणार, फेटे बांधून फोटो निघणार. त्याआधी एकच विचारतो. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर आईचं किंवा बायकोचं नाव आहे का?

हवामान बदल म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला कोणी शिकवू नये. पेरणी झाली की पाऊस दडी मारतो अन् सोयाबीन सोंगायला आलं की कोसळतो. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखाली पाणी आहे पण खारं. ओलीत करावं तर वावरच बिघडते. तिथं शेततळं ही चैन नाही. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून 'पोकरा' आला तो याच्यासाठीच : शेततळं, ठिबक, तुषार, बीबीएफनं पेरणी. योजना वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कृषी विभागातले मित्र फोन करतील.

पण पैसा कसा मिळतो ते पहा. ऑनलाइन अर्ज, सोबत सातबारा अन् आठ-अ. पूर्वसंमती आली की आधी खिशातून काम करा, मग बिल, मग तपासणी, मग खात्यात अनुदान. जिच्या नावावर गुंठाभर नाही तिला बँक पीककर्ज देत नाही. ती आधीचा पैसा आणते कुठून? बचत गटाच्या कर्जात शेततळ्याचा कागदही येत नाही.

त्यात १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तोही सातबाऱ्यावरूनच. म्हणजे निंदण, वेचणी, सोंगणी सगळं करणारी बाई संगणकाच्या लेखी शेतकरीच नाही! २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात महिला खातेदार जेमतेम १४ टक्के निघाल्या. उद्या सकाळी कोणत्याही वावरात जाऊन मोजा, किती बाया दिसतात ते.

"घर तर एकच आहे, नाव कोणाचंही असलं तर काय फरक पडते?" अशी कमेंट येणारच. फरक नवरा गेल्यावर कळतो, भाऊ. 'मकाम'नं २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ विधवांना विचारलं. ४० टक्के बायांच्या नावावर नवऱ्याची जमीन तोवर झालीच नव्हती. अन् नवरा असतानाही प्रशिक्षण सकाळी अकरा वाजता, म्हणजे बाई वावरात असते तेव्हा. व्हॉट्सॲप ग्रुप मालकाच्या फोनवर. रुंद वरंबा-सरी म्हणजे काय, हे तिला वरंबा दिसल्यावरच समजते.

दुसऱ्यांचं कशाला, माझंच सांगतो. महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हिस्सा आहे. तरी आमच्या बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली, आम्ही भावांनी तिला साडी घेतली अन् जेवण दिलं. ती आता खारपाणपट्ट्यात सासऱ्याच्या नावचं वावर वाहते. मागच्या साली म्हणाली, "दादा, तू पेपरात लिहितोस, माह्या नावानं शेततळ्याचा अर्ज भरून दे ना." नाही भरू शकलो. इकडंही तिचं नाव नाही, तिकडंही नाही.

उपाय नव्हते असं नाही. ग्रामसभेच्या शिफारशीनं बाईला शेतकरी असल्याचा दाखला मिळावा, असं खासगी विधेयक स्वामिनाथन यांनी राज्यसभेत मांडलं होतं. ते २०१३ मध्ये बारगळलं. शेतकरी संघटनेच्या रेट्यातून १९९२ मध्ये 'लक्ष्मी मुक्ती'चं परिपत्रक निघालं : नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागते. तीस वर्षं झाली. आपल्यातल्या किती जणांनी केला? पालकमंत्र्यांनी बॅनरवर खर्च करण्यापेक्षा गावोगाव या अर्जांची शिबिरं लावावीत, अन् नवरा अर्ज करत नसेल तिथं कसणाऱ्या बाईला ग्रामसभेचा दाखला चालेल असा शासन निर्णय काढायला लावावा.

मी बायकोचा अर्ज सोमवारी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) देतोय. पोच इथंच टाकतो. अन् बहिणीचं हक्कसोड झालेलं असताना तिच्या नावानं जमीन परत कशी करून द्यायची, हे कोणा वकील मित्राला माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. भावाशी बोलणं झालं आहे, तो अजून हो म्हणाला नाही.