फटकळ, पण जाणता

मधुर भाषणाचा गुण मुलांच्या अंगीं बाणावा म्हणून आम्ही शिक्षकमंडळी वर्षभर झटत असतों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्यांतून एक चुकीची समजूत नकळत रुजते. ती अशी कीं, जो गोड बोलतो त्याला आपली कळकळ आहे, व जो तुसडेपणानें बोलतो त्याला ती नाहीं. चाळिशी उलटली तरी मी स्वतः ही समजूत बाळगून होतों. ती मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीनें घालविली. ती हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांसही उपयोगी वाटेल, म्हणून येथें देत आहें.

माझी गाडी दहा वर्षांची. पावसाळा संपतांना तिच्या पुढच्या शॉकअपमधून, म्हणजे चाकाला दोहों बाजूंनीं धरणाऱ्या ज्या दोन नळ्या असतात त्यांपैकीं एकींतून, तेल गळूं लागलें. अहिल्यानगरांत (हें नांव २०२४ सालीं अधिकृत झालें, आमच्या जिभेवर अद्याप नगरच आहे) माझ्या ओळखीचें एक गॅरेज होतें. तेथील मालक इतका लाघवी कीं, गाडी उभी करतांच खुर्ची पुढें करी व चहा मागवी. त्यानें ऑइल सील बदललें. तीन आठवड्यांत पुन्हा तेल आलें. त्यानें हंसत हंसत पुन्हा सील बदललें, पैसेही कमी घेतले, आणि "सर, आतां वर्षभर बघायला नको," असें सांगितलें. मीं बघितलें नाहीं.

नाताळाच्या आदल्या आठवड्यांत मी व माझी कन्या वडाळा बहिरोबा येथील नातलगांकडून सायंकाळीं परत येत होतों. इमामपूरच्या घाटांत पुढें उंसाचा ट्रॅक्टर होता, मागें दोन ट्रॉल्या. मीं पुढचा ब्रेक दाबला, तो लागला नाहीं. गळालेलें तेल ओघळून खालीं ब्रेकच्या डिस्कवर आलें होतें. केवळ मागच्या ब्रेकवर, कडेच्या मुरुमांत घसरत, गाडी कशीबशी आडवी होऊन थांबली. मुलीचा गुडघा खरचटला, एवढ्यावर देवानें निभावलें. परंतु तेथून अगदीं सावकाश घरीं येईपर्यंत तिनें माझा सदरा दोन्ही हातांनीं घट्ट धरून ठेवला होता व ती एक शब्दही बोलली नाहीं. तें मला फार लागलें.

शहरांत केवळ शॉकअपचेंच काम करणारा एक साठीच्या घरांतला मिस्त्री आहे. एका सहकाऱ्यानें त्याचा पत्ता दिला तो इशाऱ्यासह: "काम उत्तम, पण अपमान करून घेण्याच्या तयारीनें जा." तयारी अपुरी पडली. मी नमस्कार केला, त्यानें गाडीकडे पाहिलें. खुर्ची नव्हतीच. "सील किती वेळां बदललं?" "दोन वेळां." "आणि दोन्ही वेळां पैसे दिले?" मीं होय म्हटलें. तो हंसलाही नाहीं. नळी फडक्यानें पुसून म्हणाला, "नख फिरवा इथं." मीं फिरविलें. नखाला बारीक बारीक खांचा लागल्या. चिखलानें व खड्यांनीं नळीवरचा चकचकीत मुलामा उडून तेथें गंज चढला होता. नळी वरखालीं होतांना त्या खांचा सीलची रबरी कड कानशीप्रमाणें घासत होत्या. दोष नळीचा असतां सील कितीही वेळां बदललें तरी तें महिन्याभरांत फाटणारच! गोड बोलणाऱ्या मालकानें नळीवर कधीं नख फिरविलें नव्हतें, आणि मींही फिरविलें नव्हतें.

पुढें त्यानें गाडीच्या मागच्या शॉकअपखालची खांचांची कडी पाहिली. "ही कुणीं शेवटपर्यंत फिरवली?" मींच, स्प्रिंग कडक व्हावी म्हणून, असें मीं सांगितलें. "स्प्रिंग तीच आहे. तुम्ही तिला आधींच दाबून ठेवलीय. खड्डा आला तर चाक खालीं जाईल कसं?" मग त्यानें मला गाडीवर बसवून टेपनें माप घेतलें. स्वार बसला म्हणजे मागचा भाग चाकाच्या एकंदर चालीच्या पाव ते तृतीयांश इतका खालीं बसला पाहिजे. उंचवटा आला तर चाकाला वर जाण्यास उरलेली जागा लागते, व खड्डा आला तर तें जितकें बसलें असेल तितकेंच खालीं उतरूं शकतें. माझी गाडी जवळजवळ बसतच नव्हती. "काय शिकवतां, मास्तर?" त्यानें विचारलें. मी म्हणालों, "विज्ञान." यावर तो कांहींच बोलला नाहीं, आणि त्याच्या साऱ्या बोलण्यापेक्षां तें न बोलणें मला अधिक झोंबलें.

कारण स्प्रिंगला वजनें टांगून ती किती ताणली जाते, हा प्रयोग मी कित्येक वर्षें मुलांकडून करवून घेत आलों आहें. रॉबर्ट हूकनें १६७८ सालीं प्रसिद्ध केलेला नियम हाच: जितकें बळ दुप्पट, तितका ताण दुप्पट. स्प्रिंग आधींच दाबून ठेवल्यानें हें प्रमाण बदलत नाहीं. हें फळ्यावर मला ठाऊक होतें, गाडीवर नव्हतें. हा हूकही, जातां जातां सांगावयास हवें, समकालीनांत संशयी व भांडखोर म्हणूनच ओळखला जाई. न्यूटनशीं त्याचें हाडवैर. १७०३ सालीं हूक वारला आणि त्याच सालीं न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. हूकच्या चेहऱ्याचें खात्रीलायक असें एकही समकालीन चित्र आज उपलब्ध नाहीं. नियम मात्र स्प्रिंगच्या प्रत्येक तराजूच्या कांट्यांत आहे.

अशा माणसाविषयीं लोक म्हणतात, "फणसासारखा आहे हो, वरून कांटे, आंत गोड गरे." हें मला मान्य नाहीं. मला गरे दिसले नाहींत. मिस्त्री आंतूनही कांटेरीच असावा. आणि दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हण तर खाणाऱ्याच्या लोभाची आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं, ज्याला आपण कळकळ म्हणतों ती त्याच्या बोलण्यांत नसून त्या नखांत होती. राजांच्या दुसऱ्या पुस्तकांतील नामानाची कथा येथें आठवते. अरामाचा तो मोठा सेनापति कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून रथघोड्यांनिशीं अलीशाच्या दारीं आला, तर अलीशा बाहेरसुद्धां आला नाहीं. यार्देनेंत सात वेळां बुडी मार, असा नुसता निरोप त्यानें पाठविला. नामान संतापून माघारीं फिरला. अलीशानें दारापर्यंत येण्यास काय हरकत होती, असें मला लहानपणापासून वाटत आलें आहे, आणि अजूनही वाटतें. पण त्या रागांत नामान दिमिष्कास परत गेला असता, तर त्यांत अलीशाचें कांहीं बिघडत नव्हतें. चाकरांनीं त्याची समजूत घातली. मला ती माझी मीच घालावी लागली, कारण मिस्त्रीनें सांगितलेला खर्च माझ्या अंदाजाच्या तिप्पट होता, व "नको असेल तर गाडी घेऊन जा," हेंही त्यानें लगेच सांगून टाकलें होतें.

अमुक शिक्षक धड बोलत नाहींत, अशी तक्रार घेऊन पालक आमच्याकडे येतात. हल्लीं मी त्यांना प्रथम एकच विचारतों: ते मुलाच्या वहींतील चूक दाखवितात कीं नुसती बरोबरची खूण करून वही परत देतात?

तथापि मिस्त्रीची बाजू मी येथपर्यंतच घेतों. त्याच्या हाताखालीं अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा काम शिकत असे. जी जीभ मला, तीच त्याला. आणि हें मला अगदीं पटलें नाहीं. मी गिऱ्हाईक, मला राग आला तर मी गाडी घेऊन जाऊं शकतों. त्या मुलाला जावयास जागा नाहीं. तो मान खालीं घालून नळी जाड कांचेवर फिरवून ती वांकली आहे कीं काय तें पाही, आणि कधीं कांहीं विचारीत नसे. त्याच्याकडे पाहतांना मला नववींतील एका मुलाची आठवण होई. जुलैमध्यें त्यानें मला एक प्रश्न विचारला होता व मी "एवढेंही कळत नाहीं?" असें म्हणालों होतों. त्यानंतर त्यानें हात वर केलेला मीं पाहिलेला नाहीं.

गाडी घ्यावयास गेलों तेव्हां मिस्त्री शेजारच्या दुकानांत गेला होता. मुलानें इकडे तिकडे पाहून हळूच विचारलें, "सर, आंत एवढी मोठी स्प्रिंग असते, मग तेल कशाला घालतात?" मी म्हणालों, "वंगणासाठीं." मागून आवाज आला, "चूक! वंगणाला चमचाभर पुरेल, पेलाभर कशाला ओतूं?" मिस्त्री आंत आला. त्यानें तेल नसलेला एक जुना शॉकअप मुलाच्या हातीं दिला व दाबावयास लावला. तो दाबून सोडतांच ताडकन् उसळला. मग त्यांत तेल घालून पुन्हा दाबविला. आतां तो जड जड खालीं गेला आणि सावकाश वर आला. "स्प्रिंग धक्का घेते आणि तसाच परत देते, गाडी नाचत राहते. तेलाला बारीक भोकांतून जावं लागतं. त्यांत धक्क्याचा जोर जिरतो, तेल तापतं." मग मुलाकडे वळून त्यानें विचारलें, "दोन वर्षं झालीं इथं. आधीं का नाहीं विचारलंस?"

मुलगा गप्प राहिला. मिस्त्री थोडा वेळ त्याच्याकडे पाहत राहिला आणि मग पाना उचलून दुसऱ्या गाडीकडे वळला. मीं पैसे दिले. निघतांना तो जुना शॉकअप शाळेसाठीं मागितला, तेव्हां "हरवूं नका" असें दोनदां बजावून त्यानें तो दिला. नववींतील त्या मुलाला सोमवारीं शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेंत थांबावयास सांगितलें आहे.